कॉम्बिनेशनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेताय? बीपी शेवटचं कधी मोजलंत?

टेकडीवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हा विषय चारचौघांत काढायचा नसतो असं ज्यांना वाटतं त्यांनी सरळ पाककृती विभागात जावं, आज तिथे पातोळ्या आल्यात.

मी ३६ वर्षांची, एका मुलीची आई. गेली चार वर्षं कॉम्बिनेशनच्या गोळ्या घेत होते, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन्ही हॉर्मोन्स असलेल्या. सुरुवात डॉक्टरांनीच करून दिली. त्यानंतर मात्र मी आणि आमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. "ताई, तेच ना?" "हो, तेच." खाकी पिशवी, वर स्टेपलरची पिन. चार वर्षांत आमचं बोलणं एवढंच.

दोन आठवड्यांपूर्वी सिंहगड रोडला सिग्नलवर उभी होते. पुढच्या रिक्षाची नंबरप्लेट वाचत होते, आकड्यांची बेरीज करायची जुनी खोड आहे मला. एमएच १२ दिसलं आणि त्यापुढचं काहीच नाही. पुसून टाकल्यासारखं. मग त्या जागी एक चमचमणारी नागमोडी रेघ आली, चंद्रकोरीसारखी, आणि हळूहळू मोठी होत बाजूला सरकत गेली. गाडी कडेला घेऊन एका रसवंतीच्या बाकड्यावर बसून राहिले. वीसेक मिनिटांत नजर स्वच्छ झाली आणि मग डोक्याची उजवी बाजू जी ठणकायला लागली ती रात्रीपर्यंत.

खरं सांगायचं तर हे पहिल्यांदा नव्हतं. कॉलेजपासून वर्षातून दोन-तीनदा होतं. आई म्हणायची पित्त. आलेपाक खा, उलटी काढ, अंधार करून पड. यावेळी नंबरप्लेटमुळे घाबरले म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डोळे उत्तम. त्यांनी विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मी म्हटलं, "कुठल्याच नाहीत." बीपीची नाही, शुगरची नाही, थायरॉइडची नाही. बाहेर येऊन चपला घालताना आठवलं! परत आत गेले. गर्भनिरोधक गोळी हे औषध आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं हो.

ते म्हणाले, हे 'ऑरा'वालं मायग्रेन आहे, या गोळ्या आजपासून बंद, आणि याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. भेटले. त्यांनीही तेच सांगितलं. चार वर्षांत मला डोकेदुखीबद्दल कुणीही विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं, कारण पित्ताबद्दल गायनॅकला कोण सांगतं?

तुमच्यापैकी कुणाला हे माहीत होतं का? आणि या गोळ्या घेताना आणखी काय काय मला माहीत नाहीये?

---

डॉक्टरीणबाई

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, पुण्यातच. नाव-गाव विचारू नये, इथे कुणाला तपासत नाहीये.

टेकडीवाली, तुम्ही नशीबवान, तो प्रश्न डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारला. मायग्रेनमध्ये डोकं दुखायच्या आधी नागमोडी रेघा, चमचम, नजरेत भोक पडल्यासारखं होणं, एका हाताला मुंग्या येणं किंवा शब्द न सुचणं, पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत राहून आपोआप जाणं, याला ऑरा म्हणतात. ज्यांना ऑरा येतो त्यांना मेंदूत रक्ताची गुठळी होऊन झटका येण्याचा धोका मुळातच इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. इस्ट्रोजेनने तो आणखी वाढतो. तरुण बाईत हा आकडा तसा लहानच. पण दुसरे उपाय हाताशी असताना तो धोका घेण्यात अर्थ नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ऑरा असेल तर कॉम्बिनेशनची गोळी कुठल्याही वयात नको, असं स्वच्छ लिहिलंय. ऑरा नसलेलं मायग्रेन असेल तर पस्तिशीच्या आत विचार करता येतो, पस्तिशीनंतर सहसा देत नाही.

या गोळ्या विष नाहीत आणि गोळ्या-बिस्किटंही नाहीत. बहुसंख्य निरोगी बायकांना त्या उत्तम चालतात. पाळी नियमित होते, रक्तस्राव कमी होतो, बीजांडकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. सगळा प्रश्न 'कुणाला' हा आहे. आणि ते ठरवायला सोनोग्राफी लागत नाही, रक्ताच्या पन्नास तपासण्या लागत नाहीत. चार प्रश्न आणि बीपीचा पट्टा. बीपी १४०/९० च्या वर असेल तर ही गोळी सहसा देत नाही, १६०/१०० च्या वर असेल तर अजिबात नाही. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, हृदयविकार, पक्षाघात, स्तनाचा कॅन्सर, लिव्हरचा गंभीर आजार, यातलं काही असेल तर नाही. पस्तिशीच्या पुढे आणि सिगरेट, तर नाही.

सिगरेट म्हटलं की बायका हसतात, "छे हो डॉक्टर". मग मी विचारते, मिश्री? तेव्हा मान खाली जाते. निकष धूम्रपानापुरते आहेत, पण तंबाखू कुठल्याही वाटेने गेली तरी रक्तवाहिन्यांवर परिणाम करतेच, त्यामुळे मी मिश्रीवालीचं बीपी दोनदा मोजते.

---

कॉफीचा_दुसरा_कप

मी हिंजवडीत, पाळी बदलती (ऑफिसची). "छे हो डॉक्टर" म्हणणाऱ्यांतली नाही, रोज चार-पाच होतात. वय ३१. म्हणजे अजून चार वर्षं सूट आहे का? :)

दुसरं, नाइट शिफ्टमुळे गोळी विसरते. मागच्या महिन्यात सलग दोन विसरले, मग घाबरून तिसऱ्या दिवशी तीन एकदम घेतल्या. दिवसभर मळमळ.

---

डॉक्टरीणबाई

सूट कसली, पस्तिसावा वाढदिवस हा काही टोलनाका नाही. सिगरेट सोडा, गोळी ठेवा, असं मी सांगेन.

विसरण्याचं नीट समजून घ्या, कारण यात सगळ्यात जास्त गोंधळ असतो. एक गोळी राहिली, अजून ४८ तास झाले नाहीत, तर आठवेल तेव्हा ती घ्यायची आणि पुढची ठरलेल्या वेळी. त्यामुळे एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. बाकी काही करायला नको.

दोन किंवा जास्त राहिल्या तर त्यातली फक्त शेवटची राहिलेली घ्यायची, आधीच्या सोडून द्यायच्या, पाकीट पुढे चालू ठेवायचं आणि सलग सात दिवस गोळ्या पोटात जाईपर्यंत कंडोम. तीन एकदम घेऊन उलटीशिवाय काही मिळत नाही. हे विसरणं पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात झालं असेल आणि त्या दिवसांत संबंध आले असतील तर इमर्जन्सी गोळीबद्दल लगेच विचारा. तिसऱ्या आठवड्यात झालं असेल तर मधला सात दिवसांचा खंड (ज्यात हॉर्मोनची गोळी नसते) घ्यायचाच नाही, या पाकिटातल्या हॉर्मोनच्या गोळ्या संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवीन पाकीट.

सगळ्यात धोक्याचं विसरणं कुठलं माहितीये? नवीन पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू करणं. बायकांना ते विसरणं वाटतच नाही. सात दिवस बीजांडकोश सुस्तावलेले असतात, आठव्या-नवव्या दिवशी जागे व्हायला लागतात.

गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती घेतलीच नाही असं समजून दुसरी घ्या. शिफ्टवालीने फोनला गजर लावावा, जेवणाशी किंवा झोपेशी जोडू नये, कारण तुमची दोन्ही रोज हलतात.

---

सडेतोड

या सगळ्या हॉर्मोनच्या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही. माझ्या वहिनीला सहा महिने लागले. शरीराला निदान वर्षातून दोन-तीन महिने विश्रांती द्या असं आमचे वैद्य सांगतात.

---

टेकडीवाली

सडेतोड, सहा महिने गोळी न घेणाऱ्यांनाही लागतात. माझ्या वेळी आठ लागले होते आणि तेव्हा मी आयुष्यात एकही गोळी घेतली नव्हती.

---

डॉक्टरीणबाई

गोळी सोडली की बहुतेकींची पाळी एक-दोन महिन्यांत पूर्ववत येते. मूल न होण्याशी संबंध नाही.

'विश्रांती' मात्र उलटी अंगाशी येऊ शकते, म्हणून यावर थोडं लांबण लावते. पायातल्या नसांत गुठळी होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो गोळी सुरू केल्यावर पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत. मग तो उतरतो. महिनाभर किंवा जास्त बंद ठेवून पुन्हा सुरू केली की तो पुन्हा वर जातो. म्हणजे दर वर्षी विश्रांती घेणारी बाई दर वर्षी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहते.

आकडे सांगते, भीती घालायला नाही. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण २ जणींना अशी गुठळी होते. गोळीतलं प्रोजेस्टोजेन कुठलं यावर पुढचा आकडा ठरतो: लिव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७. ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलवाल्या गोळ्यांत ९ ते १२. आणि गरोदरपणात व बाळंतपणानंतर याहूनही जास्त, हे विसरू नका. त्यामुळे गुठळीच्या भीतीने गोळी सोडून नको असताना दिवस राहिले तर हिशेब चुकला.

महाग म्हणजे सुरक्षित हा पुण्यातला समज इथे अगदी उताणा पडतो. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या 'माला-एन'मध्ये लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्राडायोल (हे त्यातलं इस्ट्रोजेन) ०.०३ मिलिग्रॅम असतं. गुठळीच्या बाबतीत कमी धोक्याच्या गटातली गोळी आहे ती. कोथरूडच्या बाईला हे सांगितलं की तिचा चेहरा बघण्यासारखा होतो. मुरुमांसाठी मिळणाऱ्या सायप्रोटेरोनवाल्या गोळ्या तर मैत्रिणीकडून मागून घ्यायच्या अजिबात नाहीत. पीसीओडीवाल्या मुली होस्टेलवर असं सर्रास करतात.

---

पेठेतली_आजी

माझं वय ७४. आमच्या वेळी नर्सबाई यायच्या, भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण असायचा आणि सासूबाई त्या भिंतीकडे पाठ करून बसायच्या. मी तेव्हा गोळ्या घेतल्या, सहा वर्षं. कुंकवाच्या करंड्याखाली पाकीट असे.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी त्यांची नोकरी गेली. वडील इकडे हिंगण्यात विधवांना शिकवत होते, मुलगा तिकडे हे बोलत होता. शंभर वर्षं झाली आणि तुम्ही मुली अजून खाकी पिशवीला पिन मारून घेताय. टेकडीवाली, तुला बोलले असं समजू नको.

सडेतोडांना एक विचारायचंय, विश्रांतीचे ते तीन महिने वैद्यबुवा काय करायला सांगतात?

---

सडेतोड

आजी, माघार.

---

कडुलिंब

हे कुठे लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

माझ्या मानेत गाठ आली होती. टीबी निघाला. औषधं सुरू झाली, लघवी केशरी व्हायला लागली, त्याने घाबरायचं नाही हे सांगितलं होतं. हात धुवा, अंडी खा, डोस चुकवू नका, सगळं सांगितलं. मी गोळ्या घेतेय हे मात्र कुणी विचारलं नाही. माझ्याही डोक्यात दोन्हींचा संबंध आला नाही. रोज रात्री नऊ वाजता गोळी, एकही दिवस चुकला नाही, शपथ. चौथ्या महिन्यात दिवस राहिले.

नवऱ्याने तोंडाने काही म्हटलं नाही, पण पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. ते मी विसरलेले नाही.

तो आता तिसरीत आहे आणि शेजारी बसून सतराचा पाढा घोकतोय, त्यामुळे तक्रार नाही. पण सांगायला हवं होतं कुणीतरी.

---

डॉक्टरीणबाई

कडुलिंब, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. लघवी केशरी करणारं औषध म्हणजे रिफाम्पिसिन. ते लिव्हरला कामाला लावतं आणि लिव्हर गोळीतली हॉर्मोन्स नेहमीपेक्षा कितीतरी लवकर मोडून टाकतं. गोळी वेळेवर घेतली तरी रक्तात पुरेशी राहत नाही. रिफाम्पिसिन चालू असताना आणि ते थांबवल्यावरही पुढचे चार आठवडे कॉम्बिनेशनच्या गोळीवर भिस्त ठेवायची नाही. कॉपर-टी बसवायची किंवा दुसरी सोय करायची. फिटच्या काही औषधांचंही असंच, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल. लॅमोट्रिजिनचं उलट, तिथे गोळीच त्या औषधाची पातळी खाली आणते आणि फिट येऊ शकते.

घसा दुखतो म्हणून घेतलेल्या साध्या अँटिबायोटिकने मात्र काही होत नाही. नाहीतर उद्या सगळ्याजणी ॲमॉक्सिसिलिन घेताना घाबरायच्या.

नवऱ्यांना हा प्रतिसाद वाचायला द्या.

---

अर्धवट_विणकाम

थोडं अवांतर, पण मोसमाचं आहे. सासूबाईंनी कालनिर्णयवर गोल केलाय, गौरी जेवायच्या दिवशीच माझी तारीख. मागच्या वर्षी नणंदेने तिच्या पाकिटातल्या 'पुढे ढकलायच्या' गोळ्या दिल्या होत्या. त्या आणि या एकच का?

---

डॉक्टरीणबाई

एक नव्हेत. गणपतीच्या आधी माझ्याकडे निम्म्या चिठ्ठ्या याच असतात. त्या नॉरएथिस्टेरोनच्या, ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, तारखेच्या तीन दिवस आधीपासून. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पहिली गोष्ट, अशा चार दिवस घेतलेल्या गोळ्यांनी गर्भ राहणं टळत नाही. दुसरी, नॉरएथिस्टेरोनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे ज्यांना पूर्वी गुठळी झालीय त्यांनी नणंदेच्या पाकिटातून घ्यायच्या नाहीत, कुणाच्याच घ्यायच्या नाहीत.

आणि तुम्ही आधीच कॉम्बिनेशनची गोळी घेत असाल तर वेगळी गोळी कशाला? मधला खंड गाळा, पुढचं पाकीट लगेच सुरू करा. माला-एनसारख्या २८ च्या पाकिटात शेवटच्या ७ गोळ्या लोहाच्या असतात, त्या सोडून नव्या पाकिटातली पहिली हॉर्मोनची गोळी घ्या. थोडे डाग दिसू शकतात.

---

पेठेतली_आजी

आमच्याकडे जिची पाळी असेल ती पुरणपोळ्या खाते, दुसरी लाटते. गौरी अजून रागावल्या नाहीत.

---

बाणेरचा_बाबा

पुरुषांना प्रवेश आहे का? बाळ सव्वा महिन्याचं, बायको अंगावर पाजते. शेजारच्या काकू म्हणतात दूध चालू आहे तोवर काळजी नाही. आणि मी मेडिकलमधून गोळ्या घेऊन आलोय.

---

डॉक्टरीणबाई

गोळ्या परत ठेवा. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा आठवडे कॉम्बिनेशनची गोळी पूर्ण वर्ज्य, पुढे सहा महिन्यांपर्यंतही सहसा देत नाही. बाळंतपणानंतर गुठळीचा धोका तसाही वाढलेला असतो. काकूंचं अर्धं खरं: बाळ सहा महिन्यांच्या आत, फक्त अंगावरचं दूध, रात्रीही पाजणं आणि पाळी आलेली नाही, हे सगळं एकत्र असेल तरच. यातलं एक जरी सुटलं की भरवसा नाही.

कॉपर-टी, फक्त प्रोजेस्टोजेनची गोळी, किंवा 'छाया'. छाया म्हणजे सेंटक्रोमन, लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेने शोधलेली, त्यात हॉर्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, समजा रविवार-बुधवार, मग आठवड्यातून एकदा. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पाळी लांबते कधीकधी, तेव्हा घाबरू नका. तिला काय चालेल ते तिला तपासून ठरेल.

आणि बाबा, तोवर कंडोम. तो बायकोला घालावा लागत नाही.

---

बाणेरचा_बाबा

कळलं. चाललोच.

---

कॉफीचा_दुसरा_कप

डॉक्टरीणबाई, शेवटचा प्रश्न. गोळी चालू असताना नक्की कधी धावायचं? माझी कधी पोटरी दुखते, कधी डोकं, मी इंटरनेटवर वाचून दर आठवड्याला मरते.

---

डॉक्टरीणबाई

दोन्ही पोटऱ्या दुखल्या तर पर्वती चढलात का आठवा. एकच पाय सुजला, गरम झाला, पोटरी दाबली की कळ, तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, तर थेट इमर्जन्सी. आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी, चेहरा वाकडा, बोलणं अडखळणं, एका डोळ्याची नजर जाणं, तेही तसंच. पोटात जोराचं दुखणं, डोळे पिवळे, तर दाखवा. आणि तिथल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा: मी गर्भनिरोधक गोळ्या घेते. टेकडीवालीसारखं चपला घालताना नको.

मोठं ऑपरेशन ठरलं असेल, विशेषतः नंतर पडून राहायचं असेल, तर चार आठवडे आधी विचारा.

---

टेकडीवाली

लागलं ते, पण बरोबर आहे.

खबरबात: मी कॉपर-टी बसवून घेतली. पाच मिनिटं दुखलं, मग बाहेर येऊन कँटीनचा चहा प्यायले. काल मेडिकलवाल्याकडे बँडेज आणायला गेले तर त्याने सवयीने हात वरच्या कप्प्याकडे नेला. "तेच ना?" म्हटलं, "नाही, ते बंद." त्याने कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, मग अर्ध्या जिन्यातून परत खाली उतरले आणि सांगितलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तो ऐकून घेत होता आणि पिन न मारलेली पिशवी हातात धरून उभा होता.

घरात दोन कोरी पाकिटं उरलीत. मैत्रीण म्हणाली, मला दे, माझ्या संपल्यात, सेमच आहेत. विचारलं, तुझं बीपी किती? म्हणाली, मला काय माहीत. संध्याकाळी बाबांचं मशीन घेऊन तिच्याकडे चाललेय.

---

डॉक्टरीणबाई

तिला आधी पाच मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकून, पाय जमिनीवर. मोजताना बोलू देऊ नका, आणि चहा मोजल्यावर.